सवतीची कवळी

३ मार्च, सोमवार

गेली एकदाची सवत! ट्रकवर चढवून नेली. स्वतःच्या चाकांनी जाईल तर शपथ. चार माणसं, मोठाले पट्टे, वरून मऊ पांघरुणं. माझी पाठवणीसुद्धा एवढ्या निगुतीनं झाली नव्हती.

हे तिच्याबरोबर गेले, ट्रकवाल्याशेजारी बसून. "पहिल्या दिवशी घरचं कोणीतरी हवं गं तिच्याबरोबर." म्हणजे पाठराखीण! काठी विसरले, डोळ्यांत घालायचं औषध विसरले. ते द्यायला मी ट्रकमागे धावले, मग कामाला उशीर झाला आणि बोलणी मी खाल्ली.

जिच्या शूटिंगला तिला नेलंय ती मालिका म्हणे रस्त्यावरच्या शर्यतींवर आहे. ॲपवर येणार. जुन्या जपानी गाड्या, डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, आणि वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवत नेणारी पोरं. ह्यांनी तरुणपणी हीच थेरं केली, तेव्हा लोक शिव्या द्यायचे. आता त्याला मालिका म्हणतात. आमच्या गाडीइतकी जुनी आणि एवढी धड दुसरी कुठेच मिळाली नाही, असं त्या लोकांनी सांगितलं तेव्हा ह्यांची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटायचंच राहिलं.

५ मार्च, बुधवार

घर रिकामं वाटतंय. हे मी लिहितेय — मी!

गाडी असते तेव्हा सकाळ ठरलेली. हे उठतात, भिंत धरून शेडमध्ये जातात, गाडीत बसतात, सुरू करतात. चालवणं बंद झालं त्याला वर्षं झाली. नजरेचा मधला भाग गेलाय ह्यांच्या, कडेकडेचं तेवढं दिसतं. माझ्याकडे सरळ बघितलं की मी दिसत नाही, बाजूला बघितलं की दिसते. "म्हणजे संसारात होतं तसंच की!" असं मी एकदा म्हटलं. हसले नाहीत.

तर चालवता येत नाही म्हणून नुसते बसतात. एक हात स्टिअरिंगच्या चाकावर, एक गिअरवर. इंजिन गुरगुरतं, हे ऐकतात. त्या गाडीचे पुढचे दिवे पापण्या उघडल्यासारखे वर येतात. उजवा जरा उशिरा येतो — टक्, आणि मग टक्! तो दुसरा टक् आला की ह्यांचा चेहरा खुलतो. माझ्या हाकेनं एवढा खुलल्याचं मला तरी आठवत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ती या घरात आधीपासून होती. सवत नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

७ मार्च, शुक्रवार

हे रोज जातायत. त्यांची गाडी येते न्यायला आणि सोडायला. संध्याकाळी मला सगळं ऐकावं लागतं. पाय ठणकत असतात, डोळ्यांपुढे दिवसभर लॅबमध्ये घासलेले खोटे दात नाचत असतात, आणि हे सांगत असतात!

हीरोला म्हणे गिअरसुद्धा धड टाकता येत नाही. त्याच्या जागी एक पोर गाडी चालवते. तिचे केस टोपीत कोंबतात आणि हीरोचं जाकीट चढवतात. "काय हात आहे तिचा! नुसत्या आवाजावरून सांगतो मी." गोष्टीत हीरोचा एक म्हातारा गुरू आहे. तो स्वतः चालवत नाही, शेजारी बसून हे कर, ते कर सांगतो. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हीच." तर म्हणाले, "तो नट फार भित्रा आहे गं, गाडी सुरू झाली की डोळे मिटून घेतो." रात्रीच्या शर्यती भर दुपारी घेतात, काळोख मागाहून घालतात. खोटेपणाला काही सीमा!

एकसारख्या तीन गाड्या केल्यात त्यांनी. आपली — जवळून दाखवायला. दुसरी पळवायला. आणि तिसरी भंगारातून उभी केलेली, ती शेवटच्या दिवशी घाटातून खाली आणायची आणि पेटवून द्यायची. रंग तोच, नंबर तोच, बाहेरून बघितलं तर सख्ख्या आईला ओळखू येणार नाहीत. म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण असतं, त्याच्या आत टिकली लावतात. आपल्या गाडीची हिरवी, दुसरीची पिवळी, जाळायची तिची लाल. "हिरवीवर ओरखडासुद्धा उठता कामा नये," असं गाड्यांच्या मॅनेजरनं सगळ्यांना बजावलंय.

मी पण बजावलं. "गाडी पळत असताना आत बसलात तर माझ्याशी गाठ आहे. डॉक्टर काय म्हणाले? डोळ्यांना हिसका बसता कामा नये."

"मी खुर्चीवर बसून असतो गं," म्हणाले. आवाज इतका गरीब, की मलाच वाईट वाटलं.

१० मार्च, सोमवार

दमले. काही लिहायचं नाही.

१२ मार्च, बुधवार

जळाली!

आमचीच जळाली. अक्षर बघा काय आलंय.

दुपारी लॅबमध्ये फोन आला. हातात मेण, पुढ्यात कोणाची तरी अर्धवट कवळी. गाड्यांचा मॅनेजर होता. "काका पोचले का घरी?" म्हटलं, पोचले, मघाशीच त्यांचा फोन येऊन गेला. मग म्हणाला, "काकू, एक चूक झालीय." हिरव्या टिकलीची गाडी आमच्याकडे पाठवायची म्हणून त्यानं बॉनेट उघडलं, तर आत भंगारातलं इंजिन. म्हणजे ती तिसरी! म्हणजे जिला लाल टिकली होती, जी घाटातून आणून पेटवली, ती आमची. "झाकणं पुसायला काढली होती म्हणतात, परत लावताना अदलाबदल… काकू, काकांना मी कोणत्या तोंडानं सांगू?" चांगला बाप्या माणूस, फोनवर रडत होता.

मी म्हटलं, "तुम्ही काही सांगू नका. मी बघते."

का म्हटलं, देव जाणे. खरं लिहायचं तर पहिल्यांदा मनात आलं — सुटले! सकाळी सकाळी घरभर होणारा तो धूर, तो वास, ते गुरगुरणं, सगळं गेलं. आणि लगेच दुसरा विचार — ह्यांच्याजवळ आता राहिलंय काय? टीव्ही दिसत नाही, पेपर दिसत नाही, मित्र एकेक करून गेले. ती गाडी आहे म्हणून सकाळी उठतात. नसली तर उठतील कशाला?

घरी आले तर हे खुर्चीत बसलेले, जाकीटसुद्धा न काढता. चेहरा लालबुंद, उन्हात हिंडून आल्यासारखा. म्हणाले, "बस जरा इथे. तुला काहीतरी —"

मी मधेच तोडलं. "माहितीय मला, फोन आला होता. गाडीला छान पॉलिश करून देणार आहेत. म्हणून थोडे दिवस ठेवून घेतलीय."

"पॉलिश?"

"हो, पॉलिश."

माझ्याकडे, म्हणजे माझ्या बाजूला, बघत बसले. मग म्हणाले, "बरं." त्यांना काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. आता मी बोलून बसलेय, तर निस्तरायलाही मलाच हवं.

१५ मार्च, शनिवार

मिस्त्रीकडे गेले होते. ह्यांच्या तरुणपणापासून ही गाडी त्याच्याच हाताखालची. ऐकून आधी पान्हा खाली टाकला आणि पायरीवर बसला. डोळे पुसले. मग म्हणाला, "वहिनी, तुमची तर सवत गेली, तुम्ही का रडता?" रडता रडता दोघंही हसलो.

मॅनेजर दुसरी गाडी देतोय, पिवळ्या टिकलीची, पळवायची ती. इंजिन त्याच जातीचं आहे, अगदीच टाकाऊ नाही. ती आपली म्हणून शेडमध्ये उभी करायची, असं मी सांगितलं. मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "डोळ्यांनी फसेल तो. पण वहिनी, त्याचा कान! आणि हात!"

"कान तुमच्याकडे, हात माझ्याकडे," मी म्हटलं. बोलायला काय जातंय!

१९ मार्च, बुधवार

कामावरून थेट मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये. पहिल्यांदाच त्या पिवळीत बसले. आत लोखंडी दांड्यांचा पिंजरा होता, तो मिस्त्रीनं काढून टाकलाय. चाकावर हात फिरवला आणि कळून चुकलं — हे एका क्षणात ओळखतील. सगळं गुळगुळीत, कोणाचंच नसल्यासारखं.

पण माझा धंदा काय? कवळ्या करणं. आयुष्यभर खोटे दात खरे वाटतील असे करत आले. नवशिके असतात ना, ते सगळे दात एका ओळीत पांढरेशुभ्र बसवतात. माणूस हसला की तीन घरांपलीकडून कळतं! एखादा दात किंचित वाकडा बसवायचा, कडेला चहाचा पिवळेपणा द्यायचा, चावण्याच्या जागी झीज करायची. मग ती तोंडात मुरते. गाडीचंही तेच. हिला ह्यांच्या हाताची झीज द्यायला हवी.

कवळी घासायची पूड पिशवीत घालून नेली होती. चाकाच्या डाव्या वरच्या बाजूला हे हात ठेवायचे, तिथलं कातडं घासत बसले. घासायचं, तेलाचं बोट फिरवायचं, पुन्हा घासायचं. मान मोडली. सवतीसाठी एवढं कोणी केलं असेल का जगात?

२२ मार्च, शनिवार

आज फार मोठा पराक्रम केला.

गिअरची मूठ. जुनीवर ह्यांच्या तळव्याचा खळगा पडला होता, अंगठ्यापाशी बारीकशी धार होती. ती आता नुसती घासून होणार नाही, नवीनच ओतायला हवी. कवळीच्या गुलाबी मसाल्यात काळा रंग मिसळला की होईल. पण साचा? साचा ह्यांच्या हातातच आहे.

मेणाचा गोळा कोमट केला आणि ह्यांच्यापुढे धरला. "हा दाबून धरा. बोटांचा व्यायाम आहे, लॅबमधल्या बाईंनी सांगितलाय."

"कसा धरू?"

"धरा हो… गाडीचा गिअर धरता तसा."

थांबले. मग हळूच धरला, अगदी तसाच, अंगठा बाजूला काढून. "माझे दात गेलेत की हात?" म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. घाम फुटला होता! मेण थंड होईपर्यंत हात जरासुद्धा हलवला नाही ह्यांनी. एवढं शहाण्यासारखं कधी औषधसुद्धा घेत नाहीत.

२६ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. तिला सगळं माहीत आहे, मीच सांगितलं, कोणाशी तरी बोलायला नको? "आई, वेड लागलंय का तुला? दिवसभर उभी असतेस, वरून हे. बाबांना सरळ सांगून टाक ना. मोठे आहेत ते."

मी म्हटलं, मोठे आहेत म्हणूनच. लहान मुलाला दुसरं खेळणं आणून देता येतं.

"आणि तुझं काय?" असं विचारलं तिनं. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. कितीतरी दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. रडले, तोंड धुतलं, मग औषधाची वेळ झाली होती.

३० मार्च, रविवार

मिस्त्री कमाल आहे. धूर सोडायची नळी जुनीसारखी वळून बसवली, ती आधीची त्याच्याच हातची होती म्हणा. बिजागरी किंचित वाकवली, त्यामुळे दार लावताना आधीसारखा जड आवाज येतो. उजव्या दिव्याची मोटर काढून तिथे मरतुकडी मोटर घातली. "वहिनी, जन्मभर गाड्या नीट केल्या. तुमच्यापायी पहिल्यांदाच बिघडवतोय!"

बटण दाबलं. टक्… टक्! आम्ही दोघांनी टाळ्या पिटल्या. मेले, वेडे झालोय.

वासासाठी ह्यांचा जुना स्वेटर सीटखाली कोंबून ठेवलाय.

२ एप्रिल, बुधवार

आली गाडी. रजा टाकली होती.

हे पायरीवर उभे होते. ट्रकमधून उतरवली, मिस्त्रीनं शेडमध्ये घातली. ह्यांनी आधी हात फिरवला, बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत, सावकाश. मग दार. मग आत बसले. मी दरवाज्यात उभी, पदराचं टोक तोंडात. मिस्त्री छताकडे बघत होता, जणू तिथे गळती आहे.

चाकावर हात. गिअरवर हात. तो तिथेच राहिला. अंगठा ते धारेवरून पुढे-मागे फिरवत होते. मग सुरू केली. मग दिवे.

टक्. टक्.

माझा जीव नुसता वरखाली. शेवटी इंजिन बंद केलं, खाली मान घालून म्हणाले, "छान केलंय गं. फार मेहनत घेतलेली दिसते."

"कोणी?" माझ्या तोंडून निघालं.

"पॉलिशवाल्यानं."

मिस्त्री खोकत बाहेर निघून गेला. मी आत येऊन पलंगावर आडवी झाले ती जेवायलाच उठले.

३ एप्रिल, गुरुवार

हे सकाळी उठले. भिंत धरत गेले. बसले. जिंकले मी!

१८ मे, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय घडतंय? काम, औषध, काम. सकाळचा धूर पुन्हा घरभर. आता त्याचा राग येत नाही. उलट आवाज यायला जरा उशीर झाला की मीच डोकावून बघते, उठले ना?

हल्ली पूर्वीइतका वेळ बसत नाहीत. वय झालं. पण एक दिवस चुकवत नाहीत. उतरताना दरवाज्यावर दोनदा थोपटतात. आधी असं करत होते का? आठवत नाही. मी कधी बघितलंच नव्हतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मालिका सुरू झाली आज. पहिल्याच भागात आमची गाडी पडदाभर! जिवंतपणी कधी एवढी नटली नव्हती. मला भरून आलं. कोणासाठी, तर त्या भवानीसाठी! हे शेजारी बसून ऐकत होते. "हे आपलं इंजिन. हे दुसरीचं. हे तर भलत्याच गाडीचं चिकटवलंय, चोर लेकाचे!"

संध्याकाळपर्यंत फाटकाशी चार मोटरसायकली उभ्या. पत्ता कोणी दिला कोण जाणे. जपानी गाड्यांचे वेडे असतात हे लोक. सिनेमे बघून, मालिका बघून एकेक स्क्रू पाठ. काका, एक फोटो. काका, एकदा सुरू करा ना. हे राजासारखे बसलेले, आणि चहा करून करून मी मेले.

१४ सप्टेंबर, रविवार

आज सगळं संपलंच होतं!

त्यातला एक जाड भिंगांचा. कुठल्याशा कचेरीत हिशेबनीस आहे, अर्धं टक्कल पडलंय, पण गाडीपुढे पोर होतो. वाकून वाकून बघत होता. एकदम म्हणाला, "काका, पहिल्या भागातल्या गाडीच्या काचेवर कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का आहे. मी थांबवून, मोठं करून बघितलंय. हिच्या काचेवर नाहीये. ही तर —"

माझ्या हातातला ट्रे कलंडला. काचेवरचा शिक्का! हाताला लागत नाही, कानाला कळत नाही, म्हणून त्याचा विचारच केला नव्हता. मी काही बोलणार, इतक्यात हे शांतपणे म्हणाले, "काच बदलली ती. दगड लागला होता."

भिंगवाला हिरमुसला. मी त्याला स्वयंपाकघरात ओढला आणि हात जोडले, "बाबा रे, पुन्हा हा विषय काढू नकोस." त्याला काय समजलं कुणास ठाऊक. चष्मा पुसत निघून गेला.

पण काच कधी बदलली? कधीच नाही! मला माहीत आहे ना. कुठला दगड? आता ह्यांच्या डोक्यातही गोंधळ व्हायला लागला की काय? डोळे गेले ते पुरे नव्हतं? एवढं सगळं केल्यावर हेही बघायचं माझ्या नशिबात? डॉक्टरांना विचारायला हवं. छे, मी दमलेय. खरंच खूप दमलेय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शुक्रवारी शेवटचा भाग. त्यात ती जळणार. गुपचूप लपवायचं म्हटलं तर ते फाटकापाशी येणारे सोडणार आहेत का? भिंगवाल्यासारखे छप्पन्न असतील. जळणारी गाडी खरी होती हे कोणीतरी पडदा थांबवून ओळखेल आणि येऊन ह्यांच्या तोंडावर सांगेल. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. लेकीचं बरोबर होतं.

आज जेवणं झाल्यावर मनाचा हिय्या केला. "अहो, एक सांगायचंय. गाडीबद्दल."

"पॉलिशचं ना?" म्हणाले. "छान झालंय ते. किती वेळा सांगू?" आणि माझा हात शोधून काढला आणि धरून बसले. असा हात धरल्यावर काय सांगणार? बोटांवर पूड घासून घासून पडलेले चरे आहेत माझ्या, त्यावरून अंगठा फिरवत होते.

नाही सांगितलं. भित्री मी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी शेवटचा भाग लावला. टीव्ही बंद पडलाय, नेट नाही, सगळ्या सबबी सांगून झाल्या होत्या. ऐकेनात.

घाट. आमची गाडी. ती पोर हीरोच्या जाकिटात चालवतेय, शेजारी म्हातारा गुरू. वळणावर गाडी आडवी झाली आणि कॅमेरा खिडकीजवळ आला. टोपी गुरूची, जाकीट गुरूचं. आणि आत हे! तोंड उघडं टाकून हसतायत! एवढं हसताना मी ह्यांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मग गाडी रिकामी, कड्यावरून खाली, आणि आग.

ह्यांनी मान बाजूला वळवली, म्हणजे मी दिसावी म्हणून. "दिसलो का गं मी?"

"कोणती गाडी होती ती?"

"आपलीच. टिकल्या मी आणि त्या पोरीनं बदलल्या. उभ्या उभ्या गंजू देऊ होय तिला? त्याच दिवशी तुला सांगणार होतो. तू मधेच पॉलिशचं काढलंस."

"आणि मग रोज सकाळी त्या दुसरीत जाऊन बसता ते?"

"तू इतकी खपली होतीस तिच्यावर," हे म्हणाले. "न बसून कसं चालेल?"